फसलेला उठाव भिंतीवर काढायचा तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. तुम्ही शिरपूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवता. शाळेच्या आवारभिंतीवर, साधारण तीस फूट लांब आणि सहा फूट उंच जागेत, सातपुड्यातल्या भिल्लांच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातल्या, १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईचं चित्र काढायचं ठरलंय. समितीला उठावाचे पुढारी खाज्या नाईक घोड्यावर हवेत, हातात तलवार, मागे उगवता सूर्य. तुमचं म्हणणं असं की उठाव फसला, माणसं मारली गेली, बायका कैद झाल्या, आणि यातलं त्या चित्रात काहीच नाही. इतर चित्रकारांनी हे कसं हाताळलं आणि आपण कसं हाताळावं, हे तुम्हाला हवंय. मी मुख्यतः लिनो आणि लाकडी ठशांचं काम करतो. धुळे-नंदुरबारकडच्या बऱ्याच भिंतीही रंगवल्यात. त्यामुळे हे उत्तर कारागिराचं समजा. जरा लांबेल.

पहिली गोष्ट, लढाई काढू नका. यात नाजूक मन वगैरे काही नाही, सगळा मामला रेषेचा आहे. उगारलेला हात, उधळलेला घोडा, तिरके भाले या रेषा डोळ्याला सुखावतात. इतिहासात कोण हरलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चित्रात तलवार वर गेली की तो माणूस जिंकलेलाच दिसतो. अंबापाणीच्या लढाईचं चित्र तुम्ही कितीही अभ्यास करून काढलंत तरी पाहणारा पोरगा म्हणणार, भारी लढले. ते खरंच आहे, पण तुम्हाला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

हे पटवायला स्पेनचा चित्रकार गोया याच्यापेक्षा चांगला पुरावा नाही. २ मे १८०८ ला माद्रिदची साधी माणसं चाकू आणि हाताला लागेल ते घेऊन नेपोलियनच्या फौजेवर तुटून पडली. उठाव त्याच दिवशी चिरडला गेला, आणि त्या रात्री ते पहाटेपर्यंत पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सहा वर्षांनी, १८१४ मध्ये, गोयाने त्यावर दोन चित्रं केली. दोन्ही एकाच मापाची, पावणेनऊ फूट उंच आणि साडेअकरा फूट लांब. एकात २ मेची लढाई आहे: घोडे, खंजीर, गर्दी. दुसऱ्यात ३ मेची कत्तल. हात तोच, साल तेच, आकार तोच. जगाच्या लक्षात दुसरंच राहिलं. पहिलं चांगलं चित्र आहे, पण तसली लढाई दुसऱ्या कुणीही काढली असती.

दुसऱ्या चित्रात त्याने काय केलंय ते नीट बघा, कारण त्यातलं निम्मं तुम्हाला उचलता येईल. उजेड एकच, जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी कंदिलाचा. तो पांढऱ्या सदऱ्याच्या माणसावर पडतो, ज्याने दोन्ही हात वर केलेत. गोळ्या घालणारे शिपाई आपल्याकडे पाठ करून उभे आहेत, त्यांचा एकही चेहरा दिसत नाही. डावीकडे आधी मेलेले रक्तात पडलेत, मध्ये आता मरणारे आहेत, आणि त्यांच्या मागून पुढची रांग येतेय, तोंड हातांनी झाकून. झालेलं, होत असलेलं आणि होणारं मरण एकाच चौकटीत आहे. मला विचाराल तर पांढऱ्या सदऱ्यापेक्षा ती रांग जास्त भयंकर आहे, कारण तिला आपली पाळी येणार हे दिसतंय.

मात्र एक ध्यानात ठेवा. हे मोठं चित्र होईपर्यंत स्पेनमधून फ्रेंच गेले होते. उठाव फसला होता, युद्ध जिंकलं होतं. म्हणून एवढा कॅनव्हास उभा राहू शकला. युद्ध चालू असताना आणि पुढची काही वर्षं गोया जे करत होता ते तांब्याच्या छोट्या पत्र्यांवर, वहीच्या पानाएवढं. असे ८२ ठसे आहेत. तो १८२८ मध्ये वारला आणि त्यांतले ८० ठसे १८६३ मध्ये छापले गेले. एकाखाली त्याने लिहिलंय ‘हे मी पाहिलं’, दुसऱ्याखाली ‘बघवत नाही’. त्या ठशांत कुठलीच बाजू शहाणी नाही, नायकही नाही.

आकाराचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, तुमच्या हातात तीस फूट भिंत आहे म्हणून तर जास्तच. जून १८४८ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी उठाव केला आणि तो चार दिवसांत मोडला. मेसोनिए हा चित्रकार तेव्हा नॅशनल गार्डच्या तोफखान्यात कॅप्टन होता, म्हणजे उठाव मोडणाऱ्यांच्या बाजूचा. एका गल्लीतला अडथळा पडल्यावर त्याने जे पाहिलं ते रंगवलं. उखडलेल्या फरसबंदीच्या दगडांत माणसं पडलीत, दगड कुठला आणि माणूस कुठला हे पटकन कळत नाही. मेलेल्यांच्या कपड्यांत निळा, पांढरा आणि लाल तेवढा दिसतो, फ्रान्सच्या झेंड्याचे रंग. हे चित्र केवढं आहे? २९ बाय २२ सेंटीमीटर. फूटभरसुद्धा नाही. ते बघायला नाक जवळ न्यावं लागतं आणि जवळ गेलं की प्रेतं दिसतात. दहा फुटांवर केलं असतं तर तो देखावा झाला असता. शत्रूच्या बाजूचा माणूस इतकं प्रामाणिक चित्र करू शकतो, हेही समितीतल्या कुणाला तरी ऐकवा.

आता आपल्याकडचं. तुम्ही म्हणाल, मेलेल्यांची चित्रं आपल्याकडे नवीन नाहीत, गावोगाव वीरगळ आहेत. खरंय, आणि मांडणीच्या दृष्टीने वीरगळ फार हुशार वस्तू आहे. खालच्या पट्टीत लढाई किंवा पळवून नेलेली गुरं आणि पडलेला वीर, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. निरक्षर माणसालाही खालून वर वाचता येतं. पण वीरगळात दुःख नसतं, नुकसानीची भरपाई वरच्या मजल्यावर झालेली असते. शेजारी सतीशिळा असेल तर तिथेही बांगड्यांचा हात ताठ उभा असतो, आशीर्वाद देणारा. ज्यांनी ते घडवलं त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण समितीचा उगवता सूर्य त्या वरच्या मजल्यावरूनच आलाय, हे ओळखा. तुम्हाला खालच्या पट्टीवर थांबायचंय.

खालच्या पट्टीवर थांबणं सगळ्यात नेटाने जमलं ते जर्मन चित्रकार केथे कोलवित्झला. ठसे करणारा मी असल्यामुळे माझा थोडा पक्षपात असेल, असू दे. ती बर्लिनच्या कामगार वस्तीत राहायची, नवरा तिथला डॉक्टर. १८४४ मध्ये सायलेशियातल्या हातमाग विणकरांनी उठाव केला होता. प्रशियाच्या सैन्याने गोळीबार केला, ११ जण मेले, संपलं. त्यावरचं नाटक तिने १८९३ मध्ये पाहिलं आणि पुढची चार वर्षं सहा ठशांच्या एका मालिकेवर घालवली. तीन शिळाछाप, तीन धातूवर कोरलेले. पहिल्यात अंधाऱ्या खोलीत मरायला टेकलेलं पोर आणि डोकं धरून बसलेली आई, बाकी सगळी जागा मागाने खाल्लेली. शेवटच्यात तसलीच खोली, तोच माग, आणि दारातून माणसं प्रेतं आत आणताहेत. दोन आधीच जमिनीवर ठेवलीत. एक बाई उभी आहे, हात खाली, मुठी वळलेल्या. रडत नाही. मालेगाव-धुळ्याकडे ज्याच्या घरात माग होता त्याला या चित्राचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. माग उद्या चालवावाच लागणार, तो चालवणारा मात्र खाली आडवा पडलाय.

सहा ठशांत प्रत्यक्ष हल्ल्याचा एकच आहे, कारखानदाराच्या फाटकावरचा. तिथेही बायका रस्त्यातले दगड उपटून देताहेत. कारखानदार दिसतच नाही, त्याचं नक्षीदार फाटक तेवढं दिसतं. १८९८ मध्ये या मालिकेला पदक द्यावं अशी शिफारस झाली होती, जर्मन सम्राट कैसरने ती फेटाळली. चित्र लागलं का हे ओळखायची ही एक जुनी खूण.

तिची दुसरी मालिका तुम्हाला जास्त कामाची आहे. विषय १५२४–२५ मधलं जर्मन शेतकऱ्यांचं बंड. त्यात लाखाच्या घरात माणसं मारली गेली असं मानतात. १९०२ ते १९०८ या काळात सात ठसे केले. नांगराला जुंपलेली माणसं, विळ्याला धार लावणारी बाई, मग उद्रेक. उद्रेकात पुढारीण आहे, काळी अ‍ॅना. ती आपल्याकडे पाठ करून उभी आहे, हात वर, आणि तिच्या समोरून लोक तिरके धावत सुटलेत. पुढाऱ्याचा चेहरा दाखवलेलाच नाही. तुमच्या घोड्याच्या भांडणावर हा उपाय आहे, त्याकडे पुढे येतो. सहावा ठसा लढाईनंतरच्या रात्रीचा. रणभूमी काळीकुट्ट. एक म्हातारी कंबरेत वाकून प्रेतांत आपला मुलगा शोधतेय. हातात कंदील, त्याचा उजेड फक्त दोन ठिकाणी: तिच्या शिरा सुटलेल्या हातावर आणि ती ज्याची हनुवटी उचलून बघतेय त्या पोराच्या तोंडावर. तो तिचाच आहे की नाही हे सांगितलेलं नाही. सातव्यात कैदी, दोरखंडाने एकत्र बांधलेले, अंगाला अंग लागून. मालिका तिथेच संपते. स्वर्ग नाही, सूर्य नाही.

याच मालिकेत बलात्कार झालेल्या बाईचा एक ठसा आहे. ती तुडवलेल्या बागेत पडलीय, पानाफुलांत जवळजवळ हरवलेली, आणि कुंपणावरून एक मूल डोकावतंय. शाळेच्या भिंतीवर हे येणार नाही, येऊही नये. पण एक शिका: तिने काही लपवलं नाही आणि काही उघडंही केलं नाही. पाहणाऱ्याला आधी पानं दिसतात.

रशियन चित्रकार सुरिकोव्हची गोष्ट सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की प्रेतं दाखवायची की नाही. १६९८ मध्ये मॉस्कोच्या स्त्रेल्त्सी शिपायांनी बंड केलं. पीटर बादशहा परदेशातून परतला आणि त्याने हजाराहून अधिक जणांना देहदंड दिला. सुरिकोव्हने १८८१ मध्ये पुरं केलेल्या चित्रात एकही मेलेला माणूस नाही. पहाट आहे, चिखल आहे, गाड्यांतून कैदी आणलेत, कैद्यांच्या हातात जळत्या मेणबत्त्या आहेत आणि भोवती बायका, आया, पोरं. उजवीकडे लांब घोड्यावर पीटर. डावीकडचा एक लाल दाढीचा कैदी एवढ्या गर्दीतून सरळ त्याच्याकडे बघतोय. मागे भिंतीलगत फाशीचे खांब, रिकामे. चित्र चालू असताना रेपिन हा दुसरा चित्रकार म्हणाला की एखादा तरी लटकवलेला दाखव. सुरिकोव्हने खडूने काढून पाहिला, तर खोलीत आलेली दाई तो बघून घेरी येऊन पडली. त्याने पुसून टाकला. दाई पडली म्हणून पुसला असं मला वाटत नाही. प्रेत आलं की नजर प्रेतावर जाते आणि मेणबत्ती धरलेल्या माणसावर राहत नाही, एवढं त्याला कळलं असणार. तुमची भिंत मुलं रोज बघणार आहेत. पहिल्या आठवड्यानंतर रक्त नुसता लाल रंग होतो.

आता सगळ्यात नाजूक भाग: किंमत कुणाची दाखवली जाते. १८५७ वर विलायतेत खंडीभर चित्रं झाली. नोएल पॅटनने १८५८ मध्ये एक केलं, भेदरलेल्या गोऱ्या बायका आणि पोरं, आणि दारातून आत घुसणारे हिंदी शिपाई. लोकांना ते सोसेना, तेव्हा त्याने शिपाई पुसून तिथे सोडवायला आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले. लखनौच्या सिकंदरबागेत मारल्या गेलेल्या हिंदी शिपायांची हाडं मात्र बिआतोच्या १८५८ च्या फोटोत अंगणभर पसरलेली दिसतात, फोटोसाठी मांडून ठेवल्यासारखी. एकीकडे चेहरे, दुसरीकडे हाडं. आपल्या बाजूने त्या काळातलं काही हवं असेल तर चित्रापेक्षा गद्यात शोधा. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशी पडली तेव्हा आत अडकले. १९०७ मध्ये छापलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी भूक, तहान, लपून बसणं आणि रस्त्यावरची प्रेतं लिहिलीत, शौर्याची भाषणं न करता. भिक्षुकाची नजर आहे ती, जीव कसा वाचला याचा हिशेब ठेवणारी. तो भाग भिंत सुरू करण्याआधी वाचा.

अंबापाणीकडे येऊ. खाज्या नाईक हे मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाच्या राखणीला होते, म्हणजे कंपनी सरकारच्याच नोकरीत. त्यांनी आणि भीमा नाईकांनी १८५७ मध्ये सातपुड्यात उठाव उभा केला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला इंग्रज फौजेशी गाठ पडली. हार झाली. पकडलेल्या अनेकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या, बायका मोठ्या संख्येने कैद झाल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये दग्याने मारले गेले. भीमा नाईकांना पुढे काळ्या पाण्यावर पाठवलं आणि १८७६ मध्ये ते अंदमानातच वारले. हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते बहुतांश जिंकलेल्यांच्या दप्तरातून. १८८० च्या खानदेश गॅझेटियरची भाषा बघा, बंड मोडणाऱ्या अधिकाऱ्यांना नावं आहेत, नायकांना आहेत, बायका आल्याच तर आकड्यात येतात. तुमचं काम त्या आकड्यापासून सुरू होतं.

आणखी एक गुंता आहे, तो टाळू नका. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर भिल्लांची बंडं वर्षानुवर्षं चालली. ती मोडायला १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांचीच. तेव्हापासून या डोंगरात भिल्ल एकाच बाजूला उभे होते असं चित्र काढलंत तर ते खोटं ठरेल. मी असतो तर कैद्यांना नेणाऱ्यांपैकी एकदोन शिपायांचे चेहरे कैद्यांसारखेच काढले असते, फरक फक्त डगल्याचा. त्यावर पोरं प्रश्न विचारतील. विचारू द्या.

पोशाखाबद्दल. स्नेहसंमेलनातला आदिवासी नाच डोळ्यांपुढून काढून टाका. मोरपिसांचे टोप, कंबरेला भोपळे, अंगावर पांढरे ठिपके हा होळीचा साज आहे, काठी गावच्या राजवाडी होळीत दिसतो तो. कुणी तो घालून इंग्रज पलटणीवर गेलं नसेल. धनुष्यबाण दाखवा, तोड्याच्या बंदुकाही दाखवा. बाकी कपडे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारून काढा आणि दागिने कमी ठेवा.

तारखेत मात्र तुमच्यासाठी एक देणगी दडलीय. ११ एप्रिल, म्हणजे मोहाची फुलं वेचायचे दिवस. त्या फुलांवर सातपुड्यातलं घर पुढचे कित्येक महिने तगून राहायचं, पुढे उन्हाळाभर आणि पेरणीपर्यंत. वेचायचं काम बायका-पोरांचं. आता बायकाच कैद झाल्या म्हटल्यावर त्या वर्षी झाडाखालच्या सड्याचं काय झालं असेल? गोळी लागलेल्या माणसाची किंमत सगळ्यांना कळते. न वेचलेल्या मोहाची किंमत फक्त तुमच्या शाळेतल्या पोरांना कळेल, धुळ्याच्या माझ्यासारख्याला ती सांगावी लागते. प्रेतांऐवजी जमिनीवर मोह काढा, पिवळट, दाट, आणि त्यात दोन-चार पालथ्या टोपल्या. माझ्या मते या भिंतीवरचं सगळ्यात कडक वाक्य हेच असेल.

नंदुरबारचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून थोडं त्यावर. ९ सप्टेंबर १९४२ ला मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता, हातात तिरंगा होता. खानदेशात हे प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याच दिवशी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. ही चार नावं तुमच्या शिक्षक-खोलीत विचारून बघा, किती जणांना येतात. स्मारकात एक चेहरा पुढे आला की बाकीचे मागे जातात, यात कुणाचा दोष नाही, शिल्पाची रीतच ती. वॉर्सामध्ये १९४४ चा उठाव ६३ दिवस चालला, दीड ते दोन लाख नागरिक मेले. तिथे १९८३ मध्ये एका लहान सैनिकाचा पुतळा बसवला, मोठ्यांचं शिरस्त्राण डोक्यावरून घसरतंय, पायात मोठ्यांचे बूट. लोक फुलं वाहतात. मला तो पुतळा खटकतो. मूल गोड दिसतं आणि ते मरायला का गेलं हा प्रश्न बाजूला पडतो. तुमच्या भिंतीवर मूल काढायचं तर हत्यार न देता काढा.

हाताच्या कामाचं बोलू. बंगालमध्ये १९४६ मध्ये तेभागाचा लढा झाला, बटाईदारांना पिकाचे तीनपैकी दोन वाटे मिळावेत म्हणून. चित्रकार सोमनाथ होर तेव्हा रंगपूरच्या गावांत फिरून रेखाटनं आणि रोजनिशी करत होते. त्यातली माणसं सभेला बसलेली, भात कापणारी, पहारा देणारी अशी आहेत. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी ‘जखमा’ नावाची मालिका केली. कागदाच्या लगद्यातून काढलेले पांढऱ्यावर पांढरे ठसे, माणूसच नाही, नुसते चिरे, भोकं, कुठे लालसर डाग. उजेड तिरका पडला तरच दिसतात. मला वाटतं तुमची भिंत रंगवण्यापेक्षा कोरावी ती यासाठी.

कृती अशी. जुना गिलावा सुटा असेल तर काढा, सिमेंटचा पक्का असेल तर छिन्नीने टोचे मारून खरबरीत करा. खालचा दीड फूट चित्रासाठी धरूच नका. आपल्याकडे भिंतीला लोणा तिथेच लागतो आणि दोन पावसाळ्यांत सगळं फुगून पडतं. तिथे साधा गेरू मारा, दरवर्षी पुन्हा मारता येतो. वर चुना-वाळूचा थर, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळून काळपट केलेला. तो ओढला की त्यावर मुरवलेल्या चुन्याचा पातळ पांढरा थर. तो ओला आहे तोवर लोखंडी सळईने, चमच्याच्या दांड्याने, तुटक्या करवतीच्या पात्याने कोरायचं, खालचा काळा दिसतो. एका दिवसात कोरून होईल तेवढाच तुकडा लिंपा. हे मे महिन्यात करू नका, पंचेचाळीस डिग्रीत चुना हातातच सुकतो आणि तडे जातात. दिवाळीनंतर सुरू करा, रोज ओली पोती लावा. या कामात चूक पुसता येत नाही, त्यामुळे आधी पूर्ण मापाचं रेखाटन घोटीव कागदावर करून घ्या. रंगाचा खर्च वाचतो तो चुन्यात आणि मजुरीत जातो, हे समितीला आधीच सांगा.

मांडणीचं माझं मत. तीस फूट लांबी हा त्रास वाटतोय तुम्हाला, पण लांब भिंतीला एकच गोष्ट छान येते: चालणं. डावीकडे चार-पाच फुटांत घाट आणि रस्ता, माणसं लहान. मग मोहाची झाडं आणि तो सडा, सहा-सात फूट. मग एक अंधारा तुकडा, शोधणाऱ्यांचा, जवळ जाऊन बघावा लागेल इतक्या बारीक रेषेत, सातवीतल्या पोराच्या डोळ्याच्या उंचीला. इथे मेसोनिएची ती फूटभर चौकट आठवा. आणि उरलेल्या सगळ्या लांबीवर कैद्यांची रांग, बहुतेक बायका, खऱ्या उंचीच्या जवळपास, शाळेच्या दाराच्या दिशेने चाललेली. मुलं वर्गात जाताना तिच्या सोबतीने चालतील. सगळे चेहरे काढू नका. काहींचे पदराआड ठेवा, दोनतीन पुरे रेखाटा. ते चेहरे शाळेतल्या कुणाच्या आईचे किंवा आजीचे असतील तर तिला विचारून, तिला बसवून काढा. आजूबाजूच्या पाड्यांत त्यांचे वंशज राहत असतील, ही कल्पना धरूनच प्रत्येक रेघ ओढा. मुलांकडून लिनोवर छोटे ठसे करून घेता आले तर फारच चांगलं. एक ठसा घरी, एक शाळेत. भिंत गावाची राहते, ठसा ज्याच्या हातात असतो त्याचा होतो.

घोडा मागतीलच ते, आणि त्यांचं मागणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. ज्या समाजाचा नायक दीडशे वर्षं दप्तरात बंडखोर म्हणून पडून होता त्यांना तो ताठ उभा बघायचाय. अडून बसू नका. फाटकाच्या खांबावर खाज्या नाईकांची पूर्ण उंचीची आकृती द्या, उभी, घोड्याशिवाय, काळ्या अ‍ॅनासारखी रस्त्याकडे पाठ करून घाटाकडे बघणारी. नाव मोठ्या अक्षरांत. भिंत तुमच्याकडे ठेवा. आणि बैठकीला जाताना गोयाची दोन्ही चित्रं एकाच मापात छापून न्या. वाद घालू नका, नुसती शेजारी शेजारी दाखवा आणि चहा मागवा. पुढच्या बैठकीत, आठवड्याने, त्यांना चित्रं न दाखवता विचारा की दोन्हींत काय काय होतं.